शून्य देणारी बाई

ही गोष्ट घडायला अजून सतरा वर्षं आहेत. पण तोवर थांबायला वेळ कुणाला आहे? आत्ताच ऐकून घ्या, म्हणजे घडेल तेव्हा उगीच तोंडात बोट घालायला नको.

तेरवाडीच्या जिल्हा कोर्टाच्या दारात कांचन टेकाळे उभी असायची. पद न्यायालय सुरक्षा अधिकारी, वय एक्कावन्न, उंची बेताची, पण गणवेशाला अशी कडक इस्त्री की माशी बसली तर घसरून पडावी. तिच्याबद्दल गावात काय काय सांगायचे! भोपळ्यावर टिचकी मारून ती म्हणे आतला विळा ओळखायची. एकदा एक गडी काखेत कुबडी घेऊन लंगडत आला. कांचनने त्याच्या चपला बघितल्या, तर दोन्ही अगदी सारख्या झिजलेल्या. तिने कुबडी उपसली, तर आत हातभर गुप्ती! तो गडी असा पळाला की पुढच्या तालुक्यात त्याने एस.टी.ला मागे टाकलं.

मग कोर्टाच्या दारात यंत्र आलं. सरकारी नाव घ्राणद्वार. लोक म्हणायचे नाक्या.

दिसायला साधी दाराची चौकट. पण तिच्यात तांदळाच्या कणीएवढी चारशे नाकं बसवलेली. माणूस संतापला, की काखेतला घाम बदलतो. उन्हाच्या घामात नुसतं पाणी आणि मीठ. संतापाच्या घामात आणखी काही हलकी द्रव्यं असतात, ती लगेच हवेत उडतात. आपल्याला त्यांचा वास येत नाही, कुत्र्याला येतो, आणि आता यंत्रालाही यायला लागला. कुणाच्या पोटात हाणामारी शिजत असेल तर ती हातात यायच्या आधीच नाक्याला कळायची. दिवा हिरवा, की या आत. दिवा लाल, की बाजूच्या बाकावर बसा, दम खा, मग पुन्हा उभे राहा. एका दिवसात तीनदा लाल झालात, तर त्या दिवशी कोर्ट बंद, आणि कागदावर शेरा, ‘स्वतःच्या दोषाने गैरहजर’.

पण या शहाण्या यंत्राला एक अडचण होती. जास्त संताप म्हणजे कशापेक्षा जास्त? तेरवाडीची हवा रोज वेगळी. सकाळी समोरच्या गाड्यावर भज्यांचा घाणा, दुपारी रस्त्याची धूळ, मधेच गुळाच्या गुऱ्हाळाचा वास. म्हणून रोज सकाळी नाक्याला एक शांत माणूस हुंगायला द्यायचा. त्याचा वास ते शून्य. त्याच्यापुढे किती चढलं ते मोजायचं, चाळीसच्या वर गेलं की लाल. आणि ते शून्य दिवसभर टिकलं पाहिजे, म्हणून शून्य देणाऱ्याने दर दोन तासांनी पुन्हा चौकटीत उभं राहायचं.

आता असा माणूस आणायचा कुठून? नियमावलीत त्याची पात्रता लिहिली होती आणि परीक्षाही होती. एका खोलीत बसवून तासभर शिव्या द्यायच्या, तेही जिल्ह्यातली निवडक तोंडं बोलावून. दोनशे बारा जण बसले, तिघं पास झाले. कांचन पहिली.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, “बाई, जमलं कसं हो?”

ती म्हणाली, “साहेब, सत्तावीस वर्षं सासूबाईंच्या हाताखाली काढलीत. तुमच्या माणसांना मधेच पाणी प्यावं लागलं. त्यांना लागत नसे.”

झालं! खांद्यावर पितळी बिल्ला आला, शून्याधिकारी. सहा वर्षं तिचं शून्य एकदासुद्धा हललं नव्हतं. कोर्टात रोज शे-दोनशे माणसं रडायची, भांडायची, एकमेकांचे केस उपटायला धावायची, आणि त्या सगळ्यांचं माप कांचनवरून निघायचं. तिला त्याचा गर्व होता. का नसावा?

नियमावली तिला तोंडपाठ होती. पक्षकाराकडून घोटभर चहासुद्धा घ्यायचा नाही. दारात आवाज चढवायचा नाही. बाईची झडती बाईनेच घ्यायची. आणि आपलं नातेवाईक आलं तर त्याला हात लावायचा नाही, सोबत्याच्या हवाली करायचं आणि तीन हात लांब उभं राहायचं.

हा शेवटचा नियम तिने मागच्या दोन महिन्यांत दोनदा पाळला होता, आणि त्या मंगळवारी तिसऱ्यांदा पाळायचा होता. सकाळी बोर्ड लागला तेव्हाच तिने बघितलं. सातवा नंबर, रंजना भुतेकर. तिची थोरली बहीण.

नऊ वर्षं दोघी बोलत नव्हत्या.

रंजनाची मुलगी पूनम परदेशात परिचारिका होती. नवऱ्याला सोडून गेली होती, आणि सात वर्षांची जुई आजीपाशी वाढत होती. आता नवऱ्याला, म्हणजे संदेश काळवणेला, एकाएकी मुलीची माया आली. त्याने ताबा मागितला. कोर्टाने सांगितलं, मुलगी जिच्याकडे आहे त्या आजीने जातीने हजर राहायचं. दोन तारखांना रंजना आली, आणि दोन्ही वेळा नाक्याने तिला लाल ठरवून परत पाठवलं. आज तिसरी तारीख. आज गैरहजेरी लागली, तर संध्याकाळी जुईचं दप्तर बापाच्या घरी.

साडेनऊला कांचन चौकटीत उभी राहिली. डोळे मिटले, मनातल्या मनात ज्वारी निवडायला घेतली. ही तिची युक्ती. एकेक खडा बाजूला, एकेक खडा बाजूला. नाक्याने हुंगलं. शून्य.

“बाई, तुम्ही माणूस आहात का रांजण?” लिंबाजी कदम म्हणाले. हे तिचे सोबती, मिशा कमरेपर्यंत आणि निवृत्ती चार महिन्यांवर. “आज आक्का यायच्या ना?”

“यायच्या.”

“रजा घ्यायची होती.”

“रजा घेतली की शून्य कोण देणार? तुम्ही?”

“मी? माझ्या शून्यावर अख्खा तुरुंग हिरवा होऊन आत येईल.”

साडेअकराच्या फेरतपासणीतही शून्य आलं, आणि मग संदेश आला. अंगावर पांढरा सदरा, तोंडात च्युइंगम, कानात गाणं. चौकटीतून असा गेला जसा बागेत निघालाय. हिरवा. आकडा चार. कांचनच्या मनात आलं, ज्याला कशाचंच काही वाटत नाही तो इथून कसा पटकन आत जातो! पण नियमावलीत मनात येण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून तिने तो विचार खड्याबरोबर बाजूला काढला.

पाठोपाठ रंजना. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, पायात नवी चप्पल. दारात कांचन दिसली मात्र, तिचं तोंड कारल्यासारखं झालं. कांचन नियमाने तीन हात मागे सरकली.

“या आक्का, उभ्या राहा,” लिंबाजी म्हणाले.

लाल. एकशे सहा.

रंजना बाकावर बसली. दहा मिनिटं पदराने वारा घेतला. पुन्हा उभी राहिली. लाल. एकशे एकोणीस.

“दम खायला बसवता आणि समोर हिला उभी करता!” रंजना लिंबाजींवर कडाडली. “हिचं तोंड बघून कुणाचा दम जिरेल?”

वरच्या गॅलरीतून शिपायाचा पुकारा आला. “रंजना भुतेकर हाजीर आहेत?”

“खाली आहेत!” लिंबाजी ओरडले.

“खाली चालत नाही, वर पाहिजेत! पहिला पुकारा झाला!”

आणखी दोन पुकारे आणि नाक्यापुढे एकच फेरी उरलेली. रंजना बाकावर दगडासारखी बसली. कांचन खांबाआड गेली, म्हणजे आक्काला आपण दिसायला नको. तर रंजना मोठ्याने म्हणाली, “लपू नको. मला वासावरून कळतं तू कुठं आहेस ते.”

रांगेतले लोक फिदीफिदी हसले. कांचन खांबाआडून बाहेर आली. पक्षकाराशी बोलायचं नाही हा नियम तिला ठाऊक होता. पण आवाज न चढवता जेवढं बोलता येईल तेवढं बोलावं, असं तिने ठरवलं.

“आक्का, दहा मिनिटं माझा विचार करू नको. जुईचा कर.”

“तिचाच करते आहे. आणि तिचा केला की तू येतेस मधे. तूच दोनदा परत पाठवलंस मला.”

“मी नाही, यंत्राने.”

“यंत्राने! लग्नात कुठलं यंत्र होतं गं?”

हे लग्नाचं तेरवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांमागे पूनमच्या लग्नात कांचन ड्यूटीवरून थेट मांडवात आली होती, गणवेशातच. नवरदेवाचा फेटा एका बाजूला कलला होता. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बांधणाऱ्याचा हात वाकडा. कांचनने भर मांडवात संदेशला हात वर करायला लावले, आणि अक्षता हातात धरून बसलेल्या चारशे लोकांसमोर फेट्यातून दारूची क्वार्टर काढली.

“मी बरोबर होते,” कांचन म्हणाली.

“होतीसच की! बरोबर होतीस म्हणून तर!” रंजनाचा आवाज फुटला. “मला बाजूला घेऊन सांगितलं असतंस, तर मी तिथल्या तिथे वरात परत धाडली असती. पण तू ते पोलिसी नाटक केलंस. सगळे माझ्याकडे बघायला लागले, की बघू, आता ही धाकटीचं ऐकते का. आणि मी ऐकलं नाही. तुझं ऐकायचं नाही, एवढ्यासाठी मी माझी पोरगी त्याला दिली, कांचे! तुझ्यावरचा राग म्हणून दिली. आता सांग, तुझ्या त्या चौकटीला कळेल का, मी कुणावर चिडले आहे ते?”

रांगेतलं हसू थांबलं. भज्यांच्या गाड्यावरचा झारा थांबला, असंही लोक सांगतात.

कांचनने मनात ज्वारी घेतली. एकेक खडा बाजूला. पण आज सुपात सगळे खडेच. मांडव, अक्षता, पूनमचं पडलेलं तोंड. नऊ वर्षं तिने ‘मी बरोबर होते’ हे तीन शब्द बिल्ल्यासारखे घासूनपुसून ठेवले होते. आता त्यांच्याकडे बघवेना. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या गणवेशाच्या काखेत ओल आली.

लिंबाजींनी ते बघितलं. हळूच म्हणाले, “बाई, दुसरी फेरतपासणी दीड वाजता. आता वाजलेत बारा. मागच्या दाराने जा, लिंबाखाली बसा, दोन तांबे पाणी प्या. दीडपर्यंत पुन्हा रांजण व्हाल. कुणाला काही कळायचं नाही.”

“दुसरा पुकारा! रंजना भुतेकर!”

कांचन बघत राहिली. नियम सरळ होता. शून्य देणारा चाळीसच्या वर चढला, तर त्याचं शून्य बाद, आणि त्या शून्यावर सकाळपासून केलेली सगळी मोजणी बाद. म्हणजे आक्काचे दोन्ही लाल बाद. तिसऱ्या फेरीचा प्रश्नच नाही. यंत्र बंद आणि हाताने झडती. पण त्याच नियमाची पुढची ओळही तिला पाठ होती. एकदा चढलेल्या माणसाला पुन्हा कधीही शून्य देता येणार नाही. बिल्ला त्याच दिवशी जमा करायचा.

“फेरतपासणी कधीही करता येते, असंही लिहिलंय ना कदम?”

“लिहिलंय हो, पण…”

“मग वही काढा.”

आणि ती चौकटीत जाऊन उभी राहिली. डोळे उघडे ठेवले, आणि नजर सरळ आक्काकडे.

नाक्याने हुंगलं. आकडा चढायला लागला. साठ, नव्वद, एकशे चाळीस. लाल दिवा लागला, भोंगा वाजला. दोनशे तीसला चौकटीतून असा काही आवाज आला की नाक्या शिंकला, याची तेरवाडीतली निम्मी माणसं आजही शपथ घेतील. आणि यंत्र बंद पडलं.

“अगं बाई!” रंजना बाकावरून उठली. “ही एवढी चिडते? मला वाटलं हिच्या अंगात रक्त नाही, शाई आहे.”

कांचनने खांद्यावरचा बिल्ला काढला आणि लिंबाजींच्या हातात दिला. लिंबाजींनी वहीत लिहिलं, मग मोठ्याने वाचलं, “शून्य बाद. आजची सगळी मोजणी बाद. झडती हाताने.” बाकावर अकरा लाल बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुरुषांची रांग लिंबाजींकडे, बायकांची कांचनकडे. हात तिचा विसरला नव्हता. पाच मिनिटांत सात बायका आत. आठवी रंजना, आणि तिथे गाडी अडली.

“बाईची झडती बाईनेच,” लिंबाजी म्हणाले. “दारात बाई एकच. आणि नातेवाईकाला हात लावायचा नाही. झाली का पंचाईत!” मग त्यांनी मिशीला पीळ दिला आणि रंजनाकडे झुकले. “हे बघा आक्का, नातं पक्षकाराने सांगायचं असतं. तुमचं आडनाव भुतेकर, यांचं टेकाळे. नऊ वर्षं गावभर सांगता ना, मला बहीण नाही म्हणून? तेच इथे एकदा सांगा. मी लिहितो, नातं नाही. या हात लावतील आणि तुम्ही वर.”

“आता शेवटचा पुकारा करायला चाललोय हो!” गॅलरीतून आवाज आला.

रंजनाने तोंड उघडलं. मिटलं. जिन्याकडे बघितलं. मग कांचनच्या रिकाम्या खांद्याकडे बघितलं, तिथे बिल्ल्याच्या पिनेची दोन भोकं उरली होती.

“सख्खी आहे,” ती म्हणाली. “पाठची. लिहा.”

“आक्का, अहो…”

“लिहा म्हटलं ना! कोर्टाच्या दारात खोटं बोलून आत जाऊ, आणि आत जाऊन खरं बोलायची शपथ घेऊ? आणि हिच्या तोंडावर कसं सांगू हो?”

लिंबाजींनी कपाळाला हात लावला आणि लिहिलं. कांचन तीन हात मागे सरकली. सरकताना तिचे ओठ थरथरत होते, ते हसण्याने की कशाने, हे सांगायला आता यंत्रही चालू नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. न्यायाधीश मुजावर मॅडम स्वतः खाली उतरत होत्या. “काय चाललंय इथे? भोंगा काय, टाळ्या काय, आणि माझ्यापुढे निम्मे पक्षकार नाहीत!”

लिंबाजींनी वही पुढे धरली आणि सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा वर केला, वही वाचली, रंजनाला वाचलं, कांचनला वाचलं.

“नियमावलीतला व्याख्येचा भाग कुणी वाचलाय? सुरक्षा अधिकारी म्हणजे कोण?”

“नियुक्त अधिकारी, मॅडम,” कांचन ताडकन म्हणाली, “तसेच सुरक्षा समितीचे अध्यक्ष.”

“अध्यक्ष कोण?”

“आपण, मॅडम.”

“आणि मी बाई आहे, याबद्दल कुणाची हरकत?” मॅडमनी काळा कोट लिंबाजींच्या हातात दिला आणि बाह्या सावरल्या. “हात वर करा, रंजनाबाई.”

एकोणीस वर्षांच्या न्यायदानात मॅडमनी कुणाला हात लावून तपासलं नव्हतं, ते लगेच दिसलं. बगलेपाशी हात जाताच रंजना अंग चोरून खिदळली. “मॅडम, गुदगुल्या होतात!”

“वर, अंबाड्यात बघा, मॅडम,” तीन हातांवरून कांचन म्हणाली. “आता पिशवीचा तळ चाचपा. आणि कमरेला चंची आहे, ती उघडा. आक्का चंचीशिवाय घराबाहेर पडत नाही.”

चंची उघडली. पान, कात, चुना, सुपारी, आणि वीतभर पितळी अडकित्ता.

“धारदार वस्तू,” कांचन म्हणाली. “आत नेता येणार नाही.”

“कांचे!” रंजना किंचाळली. “आत्ता तुला सख्खी म्हणाले ना मी!”

“म्हणूनच सांगितलं. भर मांडवात नाही, बाजूला सांगितलं.”

“ही बाजू? रांगेत साठ माणसं आहेत!”

मॅडमनी अडकित्ता लिंबाजींच्या टेबलावर ठेवला. “झाली झडती. चला वर, माझ्याबरोबरच चला. आणि लिहून ठेवा, पक्षकार हजर.”

वर काय झालं ते कांचनने ऐकलं नाही, कारण दार सोडायचं नाही असा नियम आहे. पण कोर्टाला भिंती असतात आणि भिंतींना वकील असतात. तिला सगळं कळलं. मॅडमनी संदेशला विचारलं, मुलगी कितवीत आहे? तो म्हणाला, “असेल दुसरी-तिसरी.” रंजनाला विचारलं, तर तिने वर्ग, तुकडी, बाईंचं नाव, पडलेला दात आणि न आवडणारी भाजी, इतकं सांगितलं की टंकलेखकाने हात जोडले. निकाल लागेपर्यंत जुई आजीकडेच.

संध्याकाळी पाचला रंजना अडकित्ता न्यायला आली. कांचन पायरीवर बसली होती. खांदा मोकळा, आणि उद्यापासून शून्य द्यायला शेजारच्या जिल्ह्यातून कुणी माणूस येणार होता. लिंबाजींनी अडकित्ता दिला. रंजना सरळ येऊन बहिणीपासून हातभरावर टेकली. सुपारी फोडली, कातरली, दोन चांगली खांडं निवडली आणि तळहात पुढे केला.

“घे.”

“चालत नाही. तुझी केस इथे चालू आहे. पक्षकाराकडून सुपारीचं खांडसुद्धा घेता येत नाही.”

“अगं, बिल्ला गेला ना तुझा?”

“बिल्ला गेला. नोकरी आहे.”

रंजनाने हात मागे घेतला नाही. “मग केस संपल्यावर घेशील?”

“घेईन.”

“कधी संपेल?”

कांचनने मागे वळून कोर्टाच्या इमारतीकडे बघितलं. खिडक्याखिडक्यांतून फायलींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले दिसत होते. तिने मनाशी हिशेब मांडला, दोनदा मोडला.

“आक्का,” ती म्हणाली, “तू आपली मऊ सुपारी बघून ठेव. तोवर माझे दात राहिले पाहिजेत.”